‘टिक्’ झाल्यावर काय करायचं?

पिस्तुलाच्या ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे खऱ्या गोळीशिवाय चाप ओढायच्या सरावाला, चेंबरमध्ये डमी काडतूस असावं की नसावं, या प्रश्नावर मी दोन जाणत्या माणसांना मुद्दाम समोरासमोर बसवलं. एक पोलीस प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेले हत्यारांचे शिक्षक. खात्यात अशा शिक्षकाला उस्ताद म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. दुसऱ्या, कोल्हापुरात २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल शिकवणाऱ्या प्रशिक्षक. मुलं त्यांना ताई म्हणतात. उस्तादांनी पिस्तूल शिकवलं ते वेळ आली तर जवानाचा जीव वाचावा म्हणून. ताई शिकवतात ते गोळी दहाच्या वर्तुळात बसावी म्हणून. हत्यार एकाच जातीचं, पण दोघांची भीती वेगळी आणि म्हणून शिस्तही वेगळी. मला ऐकायचं होतं ते हेच.

ताईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक .३२ ची स्नॅप कॅप: खऱ्या काडतुसाच्याच मापाची, जांभळट रंग दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, आणि बुडाशी जिथे प्राइमर बसतो तिथे रबरासारखा मऊ गोल तुकडा. त्यावर फायरिंग पिनच्या टोकाने पडलेली बारीक खळी दिसत होती. दुसरी, .२२ ची उडालेली रिकामी केस, कडेला एकच चेपल्याची खूण. उस्तादांनी दोन्ही उचलल्या, नखाने चाचपल्या आणि स्नॅप कॅप ताईंकडे परत सरकवली.

उस्ताद : ही मला घरात नको, ताई. काडतुसासारखी दिसते, काडतुसासारखी बसते, काडतुसासारखीच बाहेर पडते. डोळ्याला एकदा हिची सवय झाली की खरं काडतूस समोर आलं तरी डोळा म्हणणार, हे तेच.

ताई : रंग वेगळा आहे की, काका.

उस्ताद : रंग उजेडात. आणि मॅगझिनमध्ये दिसतं ते वरचं एकच. खाली काय आहे ते भरणाऱ्याला ठाऊक. आमच्याकडे वर्गात ड्रिल काडतुसं असायची, .३०३ ची. केसवर उभ्या खाचा, अंधारातसुद्धा बोटाला कळायच्या. तरीही ती कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, मोजून निघायची आणि मोजून परत जायची. एक कमी भरलं तर वर्ग सुटायचा नाही. तुमची पोरं घरी ही जांभळी काडतुसं मोजतात का?

ताई : माझी पोरं घरी ही वापरतच नाहीत. .२२ ला मी डमीवर ड्राय करू देत नाही.

उस्तादांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. डमीची बाजू मांडायला आलेली बाई डमी वापरतच नाही म्हणते, म्हणजे काय? याचं कारण हत्याराच्या पोटात आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

.३२, .३८ किंवा ९ मिमीच्या काडतुसात प्राइमर बुडाच्या मधोमध असतो. चाप ओढला की पिन मधल्या भोकातून पुढे येते आणि प्राइमरवर आदळते. चेंबर रिकामं असेल तर तिथे आदळायला काहीच नसतं. मग पिनचा सगळा जोर तिच्या स्वतःच्या खांद्यावर, स्प्रिंगवर किंवा तिला अडवणाऱ्या छोट्या खिळीवर येतो. आजची बरीच पिस्तुलं हे सहज सोसतात. काही जुन्या बनावटींमध्ये मात्र पिन कडक आणि ठिसूळ असते, ती तुटते. स्नॅप कॅप मुळात अशा हत्यारांसाठी आहे. दुनळी बंदुका बाळगणारे लोक तिचा आणखी एक उपयोग करत आले आहेत: बंदूक ठेवून देताना घोड्याच्या स्प्रिंगा ताणलेल्या राहू नयेत म्हणून दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप घालून चाप सोडायचा.

.२२ ची गोष्ट उलटी आहे. तिच्यात वेगळा प्राइमर नसतो. पेटणारा मसाला केसच्या कडेच्या पोकळ घडीतच भरलेला असतो. म्हणून पिन मधोमध न मारता कडेवर मारते. केसची कड पिन आणि चेंबरचा काठ यांच्यामध्ये सापडते आणि मसाला चिरडून पेटतो. आता केस काढून टाका. पिन थेट चेंबरच्या पोलादी काठावर बसते, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. काठाला खाच पडते, खाचेतलं लोखंड आत चेंबरमध्ये फुगतं, आणि एक दिवस काडतूस नीट बसेनासं होतं किंवा उडालेली केस अडकून बसते. अशी खाच पडू नये म्हणून काही पिस्तुलांत पिनला आडवी खिळी घालून आधीच थांबवलेलं असतं. अशा पिस्तुलाची पुस्तिका तसं स्पष्ट सांगते. ज्याच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं नाही, त्याच्यावर प्रयोग करू नये.

ताई : आणि .२२ ची अ‍ॅल्युमिनियमची डमी म्हणाल, तर तिची कड थोड्याच माऱ्यात चेपते. चेपली की पिन पुन्हा काठापर्यंत पोचते. ती भरणं-काढणं नीट होतं का हे तपासायला असते, चाप सोडत बसायला नसते. म्हणून मी ही उडालेली केस देते. दर वेळी थोडी फिरवायची, म्हणजे पिनला न चेपलेली जागा मिळते. ज्यांच्या पिस्तुलाबरोबर ड्राय प्रॅक्टिसचा प्लास्टिकचा प्लग येतो, त्यांना तेवढंही नको.

उस्ताद : उडालेली केस मला पटते. तिच्या तोंडाला गोळी नाही, हे बोट फिरवलं तरी कळतं. गोळीचा आकार असलेली वस्तू आणि खरं काडतूस एकाच खोलीत, इथेच माझा विरोध आहे.

उस्तादांचा हा विरोध पोकळ नाही. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला ‘द क्रो’ या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू होतं. जवळून दिसणाऱ्या दृश्यासाठी रिव्हॉल्वरमध्ये डमी हव्या होत्या. त्या खऱ्या काडतुसांतून दारू काढून तिथेच बनवल्या गेल्या, पण एकीचा प्राइमर जिवंत राहिला. तो कधीतरी पेटला आणि त्याच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली. पुढच्या दृश्यात त्याच रिव्हॉल्वरमधून नुसत्या आवाजाचं काडतूस उडवलं, त्या दाबाने अडकलेली गोळी सुटली आणि अभिनेता ब्रँडन ली गेला. त्यानंतर २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर डमींमध्ये जिवंत काडतूस मिसळलं गेलं होतं. छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले आणि हत्यारांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. चित्रपटातली डमी कॅमेऱ्यापुढे खरी दिसावी लागते, तिला रंग देता येत नाही. म्हणून तिच्या केसला आडवं भोक पाडतात, किंवा आत छर्रा टाकतात आणि कानाशी हलवून खुळखुळ ऐकतात. प्रत्येक डमी, एकेक करून. त्या दिवशी हे झालं असतं तर हचिन्स आज असत्या.

घरच्या घरी काडतुसातली दारू सांडून डमी बनवणाऱ्यांनी पहिली घटना दोनदा वाचावी. प्राइमर हाच मुळात स्फोटक असतो. दारू काढली म्हणून काडतूस मेलं असं होत नाही.

ताई : काका, तुमची भीती मला मान्य आहे. पण ती ड्राय प्रॅक्टिसवर लादू नका. माझ्या खेळाचा पाया तीच आहे. स्पोर्ट्स पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद जातं. हात खाली ४५ अंशावर, टार्गेट आलं की उचलायचा आणि तीन सेकंदांत एकच गोळी. असे पाचाचे सहा संच. चापावर निदान एक हजार ग्रॅम वजन लागतं. ते वजन बोटाने घ्यायचं आणि साइट हलू द्यायची नाही, हे काडतुसं उडवून शिकायचं म्हटलं तर आमची काडतुसं बाहेरून येतात, मध्यमवर्गीय घराला ते झेपणार कसं? राही सरनोबत आमच्या कोल्हापूरची. २०१८ ला पालेम्बांगमध्ये याच प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या दर्जाच्या नेमबाजाने रेंजवर उडवलेल्या प्रत्येक गोळीमागे किती कोरडे चाप असतात, ते या खेळातल्या कुणालाही विचारा.

उस्ताद : कोरड्या चापाला माझा विरोध नाही हो. आम्हीही रंगरूटाला नळीवर नाणं ठेवून चाप ओढायला लावायचो. नाणं पडलं की पुन्हा. मजबूत पकड, सही शिस्त म्हणजे नेम, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन, हे पाठ करून घ्यायचो. पण त्याला सांगायचो, हे नाणं तुला खोटं बोलतंय. कारण तुला माहितीये की धडाका होणार नाही.

इथून पुढे गप्पांना खरी धार आली, कारण उस्तादांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. हाताला कळतं की चेंबर रिकामं आहे. मग तो कशाला दचकेल? रेंजवर खरी गोळी असली की तोच हात धडाका होण्याच्या आधीच मनगट खाली ढकलतो, डोळा मिटतो, खांदा पुढे जातो, आणि धक्क्याच्या गोंधळात ते कुणालाच दिसत नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली डावीकडे बसते आणि नेमबाज साइटला दोष देतो.

ताई : म्हणून तर मिश्र मॅगझिन. तुमच्याकडेही होतं ना?

उस्ताद : होतं म्हणजे काय! भरणारा वेगळा, मारणारा वेगळा. चार खरी, एक डमी, कितवी ते मारणाऱ्याला माहीत नाही. डमी आली की नळी अंगठाभर खाली जाते. सगळ्या रांगेला दिसतं. मग मी काही बोलायचीही गरज नसते. माझ्या मते डमीचा खरा जन्म यासाठी आहे. पिन वाचवायला नाही.

ताई : यावर आपलं जमलं.

उस्ताद : थांबा. जमलं कसं? डमी आली, टिक् झालं. तुमची मुलगी पुढे काय करते?

ताईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. काहीच करत नाही, म्हणाल्या. हात तसाच, नजर फ्रंट साइटवर, पिस्तूल टार्गेटकडे, आणि दुसरा हात वर. पंच येऊन बघेपर्यंत स्लाइडला बोट लावायचं नाही. नियमच तसा आहे: पिन बसून काडतूस उडालं नाही तर तो ग्राह्य बिघाड आणि संधी पुन्हा मिळते, पण पंचाने बघण्याआधी खेळाडूने यंत्रणेला हात लावला तर बिघाड अग्राह्य आणि न उडालेल्या गोळ्या शून्य.

उस्ताद : आणि माझा जवान असा हात वर करून उभा राहिला तर मेला. त्याला मी फौरी इलाज शिकवलाय. मॅगझिनला बुडातून थाप, स्लाइड पूर्ण मागे, सोड, पुन्हा शिस्त. विचार करायचा नाही.

ताई : आणि ते उशिरा पेटणारं काडतूस असेल तर? टिक् झालं आणि तुम्ही ते ओढून बाहेर काढलंत, आणि ते हातात फुटलं?

उस्ताद : रेंजवर नळी टार्गेटकडे धरून अर्धा मिनिट थांबायचं, हेही शिकवतो की. पण लढाईत अर्धा मिनिट कोण देणार?

ताई : मग काका, तुमच्या मिश्र मॅगझिनमध्ये जवान टिक् झाल्यावर थांबतो की ओढतो?

उस्ताद बराच वेळ स्नॅप कॅपकडे बघत होते. मला हा प्रश्न त्या दिवसातला सर्वांत मोलाचा वाटला. डमी असलेल्या मॅगझिनमध्ये टिक् म्हणजे डमीच, अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. खरं पण निकामी काडतूसही तसाच आवाज करतं. तेव्हा डमीचा सराव केवळ दचका उघड करत नाही, तो टिक् झाल्याच्या पुढच्या सेकंदालाही सवय लावतो. ती सवय कोणती हवी, हे आधी ठरवलं नसेल तर ती आपोआप लागते आणि चुकीचीच लागते.

उस्तादांनी शेवटी तोडगा सांगितला तो मला पटला. दचका शोधायचा सराव वेगळा: टिक् झालं की हलायचं नाही, थांबायचं, नळी कुठे गेली ते बघायचं, आणि हत्यार शिक्षकाने मोकळं करायचं. फौरी इलाजाचा सराव वेगळा: त्यात सगळ्याच डमी, एकही खरं नाही, आणि हात जितका वेगाने चालेल तितका चालू द्यायचा. दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये कालवायचे नाहीत.

ताईंनी त्यावर आपली एक जुनी तक्रार जोडली. स्लाइडवाल्या बऱ्याच पिस्तुलांत चाप एकदा सुटला की तो पुन्हा चढवायला स्लाइड ओढावी लागते. मुलगी घरी ड्राय करते, टिक् होतं, आणि त्याच दमात तिचा हात स्लाइडकडे जातो. शंभरदा असं केलं की शॉटनंतर हात धरून ठेवणं, म्हणजे फॉलो थ्रू, मोडतो. रेंजवर तिची गोळी नळीतून निघायच्या आत हात उतरायला लागलेला असतो. म्हणून त्या सांगतात: टिक् झालं की मनात साइट कुठे होती ते म्हणायचं, मग हात खाली आणायचा, मगच स्लाइड. एअर पिस्तुलांना ड्राय प्रॅक्टिसची वेगळी सोय असते, तिथे हा त्रास कमी.

उस्ताद : आमच्या ९ मिमी पिस्तुलाचं अजून वेगळं. ईशापूरचं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घाटाचं. मॅगझिन आत नसेल तर चापच सुटत नाही. म्हणजे कोरडा सराव करायचा तरी मॅगझिन घालावं लागतं. आणि रिकामं मॅगझिन घातलं तर स्लाइड ओढली की मागेच अडकते. मग स्लाइड ओढून सराव करायचा तर तिथे डमी लागतेच. बघा, हत्यारात सुरक्षेसाठी जी सोय केली, तिनेच सरावात मॅगझिन हातात दिलं. म्हणून मॅगझिनची मोजणी.

ताई : म्हणजे तुम्हालाही डमी लागते.

उस्ताद : वर्गात लागते. कोत आणि मोजणी असेल तिथे लागते. घरात नाही.

घराच्या प्रश्नावर मात्र दोघांचं जुळलं नाही, आणि तो प्रश्न खेळाडूंचा नव्हता. परवान्याचं .३२ रिव्हॉल्वर कपाटात ठेवणाऱ्या माणसाचा होता. अशा माणसाला वर्षाला मिळणाऱ्या काडतुसांना मर्यादा, रेंज जवळ नाही, आणि तो ते हत्यार वर्षानुवर्षं उडवतच नाही. ताई म्हणाल्या, याच्याइतका धोकादायक माणूस नाही. वेळ आली तर त्याला आपल्या चापाचं वजनही माहीत नसणार. त्यानेच सहा स्नॅप कॅप आणाव्यात. रिव्हॉल्वर हे कोरड्या सरावाला सर्वांत सोयीचं हत्यार आहे. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला की चक्र फिरतं, घोडा चढतो आणि पडतो, मध्ये काही ओढावं लागत नाही. चक्राच्या सहाही खणांत जांभळा रंग दिसला की काम सुरू. एकही खण रिकामा नको, म्हणजे ‘पाच डमी आणि एक काय?’ हा प्रश्नच नको.

उस्ताद : खरी काडतुसं कुठे?

ताई : दुसऱ्या खोलीत, कुलपात, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. नेम वीट-सिमेंटच्या जाड भिंतीवर, जिच्यापलीकडे कुणी राहत नाही. फ्लॅटच्या मधल्या भिंतीवर नाही, टीव्हीवर नाही, आरशातल्या स्वतःवर तर नाहीच.

उस्ताद : आणि सराव संपल्यावर? ताई, माणूस सरावात चुकत नाही. तो संपल्यावर चुकतो. डमी काढल्या, खरी भरली, कपाटाकडे निघाला, आणि मनात येतं, शेवटचा एक अजून. बोटाला टिक्‌ची सवय लागलेली असते. ते बोट त्या क्षणी माझ्या कुठल्याही शिस्तीला विचारत नाही.

ताई : मग त्या दिवशी पुन्हा भरायचंच नाही. सराव संपला असं मोठ्याने म्हणायचं, डमी डब्यात मोजून, रिव्हॉल्वर रिकामं कपाटात.

उस्ताद : ज्याने हत्यार घेतलं ते रात्रीच्या भीतीने, तो ते रात्रभर रिकामं ठेवेल असं तुम्हाला वाटतं?

ताई : मग त्याने सकाळी सराव करावा आणि संध्याकाळी भरावं. मध्ये दिवसभराचं काम जाऊ दे, बोट ती टिक् विसरू दे.

उस्ताद : सकाळचं मला मान्य. पण एक अट. पहिल्या वेळी शेजारी शिकवणारा हवा. नुसता कागद वाचून नाही.

ताई : शिकवणारा गावोगाव कुठून आणणार?

उस्ताद : मिळत नसेल तर त्याने डमी विकत घेऊ नये. ज्या दुकानाने त्याला हत्यार विकलं, त्यांनी विकतानाच निदान उघडून, रिकामं करून, सहाही खण बोटाने तपासून कसं बघायचं ते त्याच्या हाताने करून घ्यावं. नुसतं दाखवणं नको, त्याच्या हाताने. तेवढं झालं की तुमच्या स्नॅप कॅपबद्दल बोलू.

ताईंनी जांभळी स्नॅप कॅप उचलली, मोजून डब्यात टाकली आणि म्हणाल्या की पुढच्या शिबिरात .२२ च्या मुलांच्या पालकांनाही त्या हत्यार उघडून, रिकामं करून तपासणं स्वतःच्या हाताने करायला लावणार आहेत, कारण पिस्तूल घरी सांभाळतात ते पालक.